साडभाऊंचा आराखडा

आमच्या अख्ख्या वाशिम जिल्ह्यात पावसावर काडीचाही विश्वास नसलेला एकच माणूस असेल, आणि तो माझा साडभाऊ आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जून लागला की सगळं गाव मान वर करून आभाळाकडे पाहतं. हे गृहस्थ मान खाली घालून धरणाकडे पाहतात. टीव्हीवर हवामानाचा अंदाज सुरू झाला की उठून आवाज बंद करतात. एकदा मी म्हणालो, "अहो, यंदा चांगला सांगितला आहे." तर म्हणाले, "त्याले म्हना, पानी आधी धरनात आनून टाक, मंग अंदाज सांग. मी आयकतो." त्यांच्या मते आभाळातलं पाणी ही अफवा आहे आणि विहिरीतलं पाणी ही बातमी आहे.

हा अविश्वास त्यांच्या नोकरीचाच भाग आहे. आमच्या शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात ते टंचाई आराखडा तयार करतात. (शहराचं नाव सांगत नाही, कारण ते अजून नोकरीत आहेत आणि मला त्यांच्याकडे दिवाळीत जेवायला जायचं असतं.) टंचाई आराखडा म्हणजे पाऊस कमी झालाच तर ऑक्टोबरपासून पुढच्या पावसापर्यंत कोणत्या वॉर्डाला कुठून, किती आणि कितव्या दिवशी पाणी द्यायचं, याचं कागदावरचं नियोजन. बऱ्याच ठिकाणी हे काम सोपं असतं असं ऐकतो. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, वर्ष बदलायचं आणि सहीला पाठवायची. साडभाऊ मात्र दर वर्षी कोऱ्या कागदापासून सुरुवात करतात, आणि पावसाच्या रकान्यात पंधरा जुलैपर्यंत ठळक शून्य लिहितात. एका नव्या साहेबांनी त्यांना विचारलं, "पंधरा जुलैपर्यंत एक थेंबही नाही? इतकं वाईट कधी झालं आहे का?" साडभाऊ म्हणाले, "साहेब, झालं नाई म्हनून तं आराखडा लिहून राह्यलो. झाल्यावर लिहाले हा काय पंचनामा हाये?" साहेबांनी सही केली.

माझं आणि त्यांचं जमलं ते आकड्यांमुळे. मी बाजार समितीच्या धर्मकाट्यावर वजनं नोंदवतो. सोयाबीनची गाडी काट्यावर चढली की आकडा दोनदा पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही, मागे कितीही गाड्या भोंगे वाजवू देत. दोन साडू एकत्र आले की सासुरवाडीत कोणाच्या ताटात किती तूप पडलं हे पाहतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. आम्ही दोघं एकत्र आलो की बेरजा तपासतो. दर रविवारी सकाळी ते फाइल घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "चूक काढा. चूक नाई निंगाली तं चहा मी पेत नाई." माझी बायको चहा टाकण्याआधी स्वयंपाकघरातून विचारते, "निघाली का चूक?"

आमची आकडसासू, म्हणजे साडभाऊंची बायको, स्वतःच्या लग्नाची गोष्ट अजून रंगवून सांगते. साडभाऊ तिला पाहायला कामरगावला आले होते. पोहे झाले, चहा झाला, आता सैपाक येतो का, शिवण येतं का असं काही विचारतील म्हणून ती मान खाली घालून बसली होती. तर नवरदेवाचा पहिला प्रश्न : "पानी कुठून आनता?" ती म्हणाली, "हिरीवरून." दुसरा प्रश्न : "उन्हाळ्यात पुरते का?" ती म्हणाली, "पाचवी पायरी उघडी पडली का होळी आली समजाचं. सातवी पडली का भांडे राखेनं घासाचे. नववी पडली का पावन्याले येऊ नका म्हनून सांगाचं." साडभाऊंनी तिसरा प्रश्न विचारलाच नाही. बाहेर येऊन बापाला म्हणाले, "पोरगी पसंत हाये. तिच्यापाशी आराखडा हाये."

त्यांच्याकडे एक काठी आहे. चांगली सरळ बांबूची काठी, तिच्यावर दर पाच सेंटिमीटरवर लाल ऑइलपेंटची रेघ. स्कूटरला ती आडवी बांधलेली असते, त्यामुळे ते गल्लीतून निघाले की समोरचे लोक आपोआप भिंतीला चिकटतात. वाटेत विहीर, टाकी, हौद, पिंप, गुरांचं टाकं, काहीही दिसलं की काठी आत जाते. आसेगावला एका नातेवाइकाच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. पूजा सुरू व्हायची होती. साडभाऊ नव्या घराची टाकी मोजून आले आणि यजमानाला सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, मिस्त्रीनं तुमाले एक वीत कमी बांधून देल्ली." मिस्त्रीही जेवायला आलेला होता. पुढचे दोन तास वास्तूला शांती मिळाली नाही आणि आम्हाला जेवण मिळालं नाही. परतताना मी थोडा रागावलो, तर ते शांतपणे म्हणाले, "मंग काय, मे मैन्यात सांगाचं होतं?"

त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी अर्धा पेला मिळतं. अपमान नसतो, हवं असेल तर पुन्हा अर्धा मिळतो, पुन्हा मागितला तर पुन्हा. "पुरा पेला देल्ला तं मानूस दोन घोट ठेवते," हे त्यांचं निरीक्षण आहे, आणि दोन घोटांचे शहरातल्या सगळ्या घरांत मिळून किती टँकर होतात हे ते तोंडी सांगतात. मी तो गुणाकार तपासला आहे. बरोबर आहे.

पण सगळ्यात नामी प्रकार त्यांच्या गच्चीवर होता. धरणातलं पाणी माणसं पितात तितकंच ऊनही पितं, हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऊन रोज किती पितं हे मोजायला त्यांनी गच्चीवर एक रुंद पातेलं ठेवलं होतं. रोज सकाळी सातला पट्टी लावून ते किती आटलं ते लिहायचे. अडचण एवढीच की एक कावळाही त्याच पातेल्याचं पाणी प्यायचा. साडभाऊंनी आठ दिवस जिन्यात बसून कावळ्यावर पाळत ठेवली आणि वहीत वेगळा रकाना पाडला : 'कावळा, वजा.' एका रविवारी तो रकाना पाहून मी म्हणालो, "अहो, हे अंदाजाचं झालं. त्यापेक्षा पातेल्यावर जाळी टाका ना." त्यांना ते इतकं पटलं की त्या दिवशी चूक निघाली नसतानाही चहा प्यायले. कावळा बंद झाला, वही स्वच्छ झाली, आणि त्या वर्षीच्या आराखड्यात ऊन किती पाणी पिणार हा आकडा त्याच पातेल्यावरून घेतला गेला. ही जाळी मीच सुचवली होती, हे मला इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

ते वर्ष कमी पावसाचं होतं. तरी दिवाळीत धरण रस्त्यावरून पाहिलं तर चांगलं भरलेलं दिसायचं. साडभाऊ भोयाच्या नावेत बसून काठी टाकत धरणभर फिरून आले आणि म्हणाले, "वरून पानी हाये, खालून गाळ हाये. कागदावरचं धरन अन् तठचं धरन येगळं हाये." त्यांनी नळ चार दिवसांऐवजी आठ दिवसांआड करायला लावला. शहरात त्यांचं नाव 'आठदिवस्या' पडलं. भाजी बाजारात एक बाई त्यांना भर गर्दीत म्हणाली, "काय साहेब, वांगे रोज खाता का आठ दिवसाआड?" ते म्हणाले, "पाव किलो द्या. धुवाले पानी कमी लागते असे पाहून द्या." बाईनं हसत वांगी दिली, पण हसणारे सगळेच काही मनापासून हसत नव्हते. कार्यालयावर दोनदा रिकाम्या घागरींचा मोर्चा आला.

त्याच डिसेंबरात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा धनजचा. भटजींनी मे महिन्यातले तीन मुहूर्त काढून दिले. साडभाऊंनी पंचांगाशेजारी नळाचं वेळापत्रक ठेवलं आणि आपल्या वॉर्डात ज्या दिवशी पाणी येतं त्यावर बोट ठेवलं. भटजी म्हणाले, "या तिन्हींत हा जरा डावा आहे." साडभाऊ म्हणाले, "गुरुजी, ग्रह डावे चालतीन. पंगतीले पानी पायजे." पत्रिका छापल्या, मांडवाच्या खड्ड्यांच्या जागा चुन्यानं आखून झाल्या. भाची खूश होती. बापाच्या वेळापत्रकाचा तिच्यासाठी काहीतरी उपयोग झाला, असं ती मला म्हणाली होती.

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी साडभाऊ आले ते नेहमीचं वाक्य न बोलता बसले. फाइल माझ्यापुढे सरकवली. धरणाची पातळी आराखड्यातल्या पातळीपेक्षा खाली गेली होती. रोज थोडीशी, पण रोज. आम्ही गळती पाहिली, पंपांचे तास पाहिले, सगळं जुळत होतं. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांच्या गच्चीवर गेलो. जाळीची सावली पातेल्यातल्या पाण्यावर बारीक विणकामासारखी पडली होती. धरणावर काही जाळी नव्हती. पातेल्यातलं पाणी सावलीत बसून आरामात आटत होतं आणि आम्ही तोच आकडा उघड्या धरणाला लावला होता.

"चूक निंगाली," साडभाऊ म्हणाले. त्या दिवशी चहाचं नाव कोणी काढलं नाही.

हिशेब नव्याने केला. पंधरा जुलैपर्यंत पोचायचं तर नळ आठ दिवसांऐवजी दहा दिवसांआड करावा लागणार होता, आणि तोही लगेच, चालू फेरीपासून. मी बोटांवर मोजलं. त्यांच्या वॉर्डाच्या येत्या नळापासून लग्न सोळाव्या दिवशी होतं. आठाच्या हिशेबाने त्या दिवशी पाणी येत होतं. दहाच्या हिशेबाने ते सहा दिवस आधी येऊन जाणार होतं आणि पुढचं चार दिवसांनी येणार होतं. मे महिना, दारात मांडव, पाचशे माणसं, आणि नळ कोरडा.

आयुष्यात एकदाच मी चुकीचा आकडा लिहायचा सल्ला दिला, तो त्या दिवशी. म्हणालो, "साडभाऊ, सोळा दिवस थांबा. लग्न होऊ द्या, मग बदला. हे गणित कळणार कोणाला आहे? तुम्हाला आणि मला."

"म्हंजे दोघाले," ते म्हणाले. "दोन लोकं लय झाले." मग पेन्सिल घेऊन त्यांनी मला समजावलं, जणू मला येत नव्हतं. "सोळा दिवसात जुन्या हिशेबानं दोन फेऱ्या होतात. नव्यानं एक अन् सहा दशांश. चार दशांश फेरी जास्त गेली. दहा दिवसाची फेरी, म्हंजे चार दिवसाचं पानी. जुलैत मी लोकाईले काय सांगू, चार दिवस माह्या पोरीच्या लग्नात गेले म्हनून?"

"मग निदान घरी तरी आधी सांगा."

"सांगतो ना," ते म्हणाले. आणि इथे त्यांनी त्यांची दुसरी चूक केली. तीन दिवस ते शब्द जुळवत राहिले. आकड्यांसाठी त्यांना कधी अडावं लागलं नाही, पण या एका वाक्याला ते अडले. तेवढ्यात कार्यालयाचा ऑटो भोंगा लावून गल्लीत आला : "सर्व नागरिकांना कळवण्यात येते की..." भाची ओट्यावर बसून हातावर मेंदी कशी काढायची त्याचं चित्र पाहत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, आत गेली आणि आईला एवढंच म्हणाली, "बाबानं गावाले सांगतलं. मले नाई सांगतलं." त्यानंतर ती बापाशी बोलेना.

आकडसासू आमच्याकडे आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. "पोरगी जेवत नाई अन् हे मोजत नाई," ती म्हणाली. खरंच, साडभाऊ दोन दिवस धरणावरही गेले नव्हते. माझ्या बायकोनं भिंतीवर चिकटवलेलं नवं वेळापत्रक पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "ताई, त्या दिवशी आमच्या वॉर्डात नळ आहे." झालं. मांडव आमच्या दारात घालायचा ठरला.

संध्याकाळी साडभाऊ रीतसर विचारायला आले. सोबत कागद होताच. आमच्या टाकीतलं किती पाणी लग्नाला लागेल आणि त्यांच्या नळाच्या दिवशी ते किती पिंपांतून परत येईल, ते त्यावर होतं. मी म्हणालो, "अहो, माझीही भाची आहे ती." ते म्हणाले, "भाची तुमची हाये. पानी वॉर्डाचं हाये." लग्नानंतर चौथ्या दिवशी हातगाडीवरून सहा पिंपं खरोखर आली. मी मोजून घेतली, नाहीतर त्यांना वाईट वाटलं असतं.

लग्न नीट झालं. वऱ्हाडातले एकदोघं कुजबुजले, "नवरीचं घर कोनतं अन् मांडव कोनाच्या दारात?" पण धनजचे व्याही खुल्या मनाचे निघाले. मोठ्यानं म्हणाले, "मांडव कोठीबी असू द्या बापा, आमच्या गावात तं टँकर येते तवा लग्न लागते. अठी नळ हाये, म्हंजे आमी शहरात आलो." साडभाऊंनी जावयाचे पाय एका तांब्यात धुतले, आणि थेंबही सांडला नाही. पंगतीत पाणी वाढायला ते स्वतः उभे राहिले. प्रत्येकाला पुरा पेला वाढत होते. मी ते पाहिलं.

निरोपाच्या वेळी भाची सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या, बायकोच्या, शेजारणींच्याही. बापापुढे आली आणि थांबली. त्या भोंग्यानंतर पहिल्यांदा बोलली ती अशी : "बाबा, जून निंगते का?"

साडभाऊ या प्रश्नाचं उत्तर कोणालाही आकड्यात देतात. साहेबांना दिलं, मोर्चाला दिलं. तिला ते म्हणाले, "निंगन, बाई."

"मंग नळ चार दिवसावर आला का मी येतो. तवरीक नाई येत," ती म्हणाली आणि गाडीत बसली. रागानं म्हणाली की समजून म्हणाली, मला कळलं नाही. साडभाऊंनाही कळलं नसावं. गाडी वळली तरी ते दुसऱ्याच्या दारातल्या मांडवात हात मागे बांधून उभे होते.

पाऊस उशिरा आला. धरणात नवं पाणी यायला लागलं त्या सकाळी जुनं फक्त तीन दिवसांचं उरलं होतं. मी सोळा दिवस थांबायला सांगितलं होतं, त्यात चार दिवसांचं गेलं असतं. ही वजाबाकी मी दोनदा केली आणि नंतर कधी केली नाही. शहरात याची कोणी दखल घेतली नाही; पाणी संपलं असतं तर सगळ्यांना त्यांचं नाव आठवलं असतं. ऑगस्टमध्ये नळ चार दिवसांवर आला तेव्हा पाण्याला जोर नाही म्हणून तक्रारी सुरू झाल्या, आणि साडभाऊ त्या अगदी समाधानानं लिहून घेऊ लागले. त्याच आठवड्यात भाची आली, चांगली आठ दिवस राहिली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याआधीची, जूनच्या मधली. रविवार असून साडभाऊ आले नाहीत, म्हणून मीच त्यांच्याकडे गेलो. ते धरणावरून यायचे होते. आकडसासू तांदूळ निवडत होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावलेला होता, घरचा आराखडा. दहा दिवसांचं पाणी, रोजचा वाटा, पिण्याचं, स्वयंपाकाचं, वापरायचं. सवयीनं मी रकाने तपासायला लागलो. बेरीज बरोबर होती. गुणाकार बरोबर होते. फक्त पहिल्याच ओळीत चूक होती, त्यामुळे खालचं सगळंच चुकलं होतं. घरात आता दोनच माणसं होती. कागदावर लिहिलं होतं, 'माणसं : तीन.'

तेवढ्यात साडभाऊ आले. मी म्हणालो, "साडभाऊ, चूक निघाली. एक माणूस जास्त धरलं तुम्ही."

आकडसासू तांदळातून मान वर न काढता म्हणाली, "मीबी सांगतलं त्याईले. दोन डाव सांगतलं."

साडभाऊंनी चपला काढल्या. कागदाकडे पाहिलं नाही.

"अन् आली तं?" ते म्हणाले.

मी पेन उघडलं होतं. ते बंद करून खिशात ठेवलं.